आईसाठी घेतलेली घरपोच डिमेन्शिया सेवा: वर्षभरानंतरचं मत

आईला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार. दिवसभर तिच्याजवळ थांबणारी केअरटेकर आम्ही एका संस्थेकडून घेतो, त्याला वर्ष होऊन गेलं. मी पाचपैकी चार गुण देईन, आणि त्यातले तीन एकाच गोष्टीचे: रोज तीच ताई येते.

आईला ताईचं नाव आठवत नाही. काल ती आली होती हेही आठवत नाही. तरी दार उघडल्यावर तिला बघून आईचा चेहरा सैल होतो. 2014 साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते रुग्ण विसरले, पण त्यातून आलेला आनंद किंवा दुःख मागे रेंगाळत राहिलं. आमच्या घरात हे रोज दिसतं, म्हणून माणूस सारखा बदलणारी सेवा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हा आजार मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाला, लवकर गाठतो, त्यामुळे सकाळचं काही उरत नाही आणि तरुणपणीच्या कामाच्या पाळ्या मात्र पक्क्या आठवतात. दिवस कलला की ती अस्वस्थ होते, पर्स शोधते, "माझी ड्यूटी आहे, उशीर झाला" म्हणते. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. ताई कधीच "तुम्ही रिटायर झालात" असं म्हणत नाही. ती विचारते, "आज बोर्डावर कोण कोण आहे?" मग आई मैत्रिणींची नावं घेते, ट्रंक कॉल कसे जोडायचे ते हाताने करून दाखवते, आणि सांगता सांगता खुर्चीत टेकते. ताई तेवढ्यात घरातले सगळे दिवे लावून घेते, कारण अर्धवट उजेडातल्या सावल्या आईला घाबरवतात.

आंघोळीचं कौशल्य तर शिकण्यासारखं आहे. आधी न्हाणीघर उबदार करायचं, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि मग आईला वेळ द्यायचा. पाण्याचा मग आईच्याच हातात. पाणी पायांपासून सुरू होतं, डोक्यावरून एकदम कधीच नाही. दारापुढचं काळं पायपुसणंही ताईनेच काढायला लावलं. आई त्यावर पाय ठेवायला कचरायची, कारण तिला तिथे खड्डा दिसत होता.

आता तक्रार. ताई रजेवर गेली तेव्हा संस्थेने जिला पाठवलं ती मनाने वाईट नव्हती, पण तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी आईने ड्यूटीचा विषय काढला आणि हिने तिला खरं काय ते समजावायला घेतलं. तारीख सांगितली, वय सांगितलं. आई ओरडली, रडली. कारण विसरल्यावरही रात्री उशिरापर्यंत ती तशीच धुमसत होती. संस्थेने पहिल्या भेटीत औषधांची आणि पथ्याची माहिती तपशीलवार घेतली होती; आई कोण होती, तिला कशाने बरं वाटतं, यासाठी फॉर्मवर जागाच नव्हती. ते पान आम्ही स्वतः लिहून दिलं. बदली ताईने आधी नेहमीच्या ताईबरोबर काम केलेलं असलं पाहिजे, ही अटही लेखी करून घेतली. भांडावं लागलं, पण मिळालं.

चौथा गुण ताईच्या नजरेला. मध्यंतरी आई अचानक गुंगीत गेल्यासारखी झाली, बोलणं तुटक झालं. आम्हाला वाटलं आजार पुढे सरकला. ताई म्हणाली, "हे दोन दिवसांत झालंय. अल्झायमर असा एकदम वाढत नाही. डॉक्टरांना लघवी तपासायला सांगा." संसर्गच निघाला. उपचारानंतर आई पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली. म्हातारपणी लघवीच्या संसर्गाने असा गोंधळ उडू शकतो, आणि ताप येईलच असं नसतं. हे ओळखणारं माणूस घरात असणं फार मोलाचं आहे. संस्थेच्या ॲपमध्ये त्या दोन्ही दिवशी "सर्व ठीक" अशी नोंद आहे. ताईची वही मात्र बोलकी: किती पाणी प्यायली, कधी चिडली, त्याआधी काय घडलं होतं.

आधी एका दुसऱ्या सेवेशी बोललो होतो. तिथल्या पर्यवेक्षकांनी आईला न बघताच "शांत राहायची गोळी लिहून घ्या, सांभाळायला सोपं जातं" असं सुचवलं. आम्ही तिथेच थांबलो. अशा वेळी बरेचदा दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक (मूळची गंभीर मानसिक आजारांसाठीची) औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2005 मध्येच दिलेला आहे. कधी ती लागतातही, पण ते डॉक्टरांनी वेदना, बद्धकोष्ठता, संसर्ग, भीती हे सगळं तपासून ठरवायचं. सांभाळणाऱ्याची सोय हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

पाचवा गुण रात्रीमुळे राखून ठेवला आहे. या संस्थेच्या रात्रपाळीला सलग बारा तास एकच व्यक्ती असते आणि तीच दिवसा दुसरीकडे काम करून आलेली असू शकते. आई रात्री उठते, दार चाचपते. थकलेल्या माणसाकडून तेव्हा जागं राहण्याची अपेक्षा करणं त्या माणसावरही अन्याय आहे. म्हणून रात्री आम्ही भावंडं आळीपाळीने आईच्या खोलीत झोपतो, आणि सेवा फक्त दिवसाची घेतो.