.२२ रायफलीसाठी स्वस्तातला स्कोप: सिमन्स, यूटीजी की व्होर्टेक्स

रुगर १०/२२, मार्लिन ६०, सॅव्हेज, सीझेड, सगळ्या .२२ (पाव इंचाहून बारीक गोळीच्या) रायफली... अमेरिकेत पहिली रायफल म्हणून बहुतेक यातलंच काहीतरी घरी येतं आणि मागोमाग प्रश्न येतो की यावर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) कुठला लावू, फार पैसे घालायचे नाहीयेत. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच सुटेल. व्होर्टेक्स क्रॉसफायर २, २-७×३२ (म्हणजे २ ते ७ पट झूम, पुढची काच ३२ मिमी), आणि तोही रिमफायरवाला, म्हणजे .२२ साठी बनवलेला. हे शेवटचं दुकानात नीट सांगा, नाहीतर तसाच दिसणारा साधा माल हातात पडेल. बाकी दोघं, म्हणजे सिमन्सचा .२२ मॅग ३-९×३२ आणि यूटीजीचा बगबस्टर ३-९×३२, वाईट नाहीयेत, फक्त कोणासाठी आहेत ते बघून घ्या.

रिमफायरवालाच का, तर पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं; स्कोप ज्या अंतराला सेट असतो तिथेच ते होत नाही. शिकारीचे नेहमीचे स्कोप साधारण १०० यार्डाला सेट करून येतात कारण ते मोठ्या सेंटरफायर रायफलींसाठी बनवलेले असतात, आणि .२२ वाले आपण मारतो २५ ते ५० यार्डावर, कधीतरी हौस म्हणून १००. डोळा स्कोपच्या बरोबर मधोमध नसला की क्रॉसहेअर (आतली फुली) टार्गेटवर इकडेतिकडे सरकते, रायफल जागची हललेली नसली तरी. किती सरकते त्याचा हिशोब सोपा आहे. १०० ला सेट केलेला ४० मिमी काचेचा स्कोप २५ यार्डावर वापरला तर वाईटात वाईट १५ मिमीची चूक होते, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. ५० ला सेट केलेला ३२ मिमीचा रिमफायर स्कोप त्याच २५ यार्डावर ८ मिमी चुकवतो आणि ५० वर काहीच नाही. (१०० वर मात्र हाच १६ मिमी चुकवेल, फुकट काहीच मिळत नाही.) गाल दर वेळी स्टॉकवर एकाच जागी टेकत असेल तर यातलं फारसं जाणवणार नाही, पण नवीन माणसाचा गाल टेकतो कुठे एका जागी! आणि बरी .२२ चांगल्या गोळ्यांनी ५० यार्डाला इंचभराच्या आत ग्रुप (गोळ्यांचा झुपका) देते, तिथे अर्धा इंच स्कोपनेच खाल्ला तर काय उरलं.

सिमन्स सगळ्यात स्वस्त, पन्नास-साठ डॉलरच्या आसपास मिळतो, पॅरालॅक्स ५० ला आणि डब्यात डोव्हटेलच्या (रायफलीवरच्या खाचेत बसणाऱ्या) रिंगा पण, त्यामुळे वेगळा खर्च नाही. पोरांना डबे उडवायला शिकवायचंय तर एवढा पुरे. .२२ ला धक्का जवळपास नसतोच म्हणून स्वस्त स्कोप पण टिकून जातो. पण ९ वर नेलात की चित्र अंधारतं, ३२ ला ९ ने भागा, जेमतेम साडेतीन मिमीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो, आणि संध्याकाळी झाडाखाली तो कमीच पडतो. टरेटच्या (नेम सरकवायच्या बटणांच्या) क्लिका पण मऊ, फिरली की नाही कळत नाही. तरी पैसे खरंच कमी असतील तर बिनधास्त घ्या, फक्त ३-९ लिहिलंय म्हणून २-७ पेक्षा भारी असेल असं समजू नका. ५० यार्डाला ७ पुष्कळ झालं.

बगबस्टर हा वेगळाच प्राणी आहे. त्याच्या पुढच्या रिंगेवर पॅरालॅक्स स्वतः फिरवता येतो, पार ३ यार्डापासून पुढे, म्हणजे बेसमेंटमध्ये १० यार्डावर एअर रायफल आणि शनिवारी रेंजवर .२२ असं दोन्ही ज्याला करायचंय त्याला याच्यासारखा दुसरा या किमतीत नाही. रिंगा बरोबर येतात पण त्या वीव्हर-पिकॅटिनीच्या, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणाऱ्या. लांबी जेमतेम ८ इंच, पण हातात घेतला की वजन कळतं, छोट्या हलक्या रायफलीवर बसवला तर वरचा भाग जड वाटतो. लाल-हिरवा दिवा आहे, मला त्याचा आजवर काही उपयोग सापडला नाही. मिलडॉटचा, म्हणजे क्रॉसहेअरवरच्या ठिपक्यांचा, उपयोग मात्र आहे. ५० ला झिरो केलेली (नेम तिथे जुळवलेली) साधी १०७० फूट सेकंदवाली गोळी १०० यार्डाला सहा-सात इंच खाली पडते, एक मिल (दोन ठिपक्यांमधलं अंतर) तिथे ३.६ इंच, म्हणजे साधारण दोन डॉट वर धरून मारायचं. हा हिशोब एकाच झूमला बरोबर येतो, झूम कमी केलात की गेला.

आता व्होर्टेक्स. दीडशे डॉलरच्या आतबाहेर, रिंगा वेगळ्या, त्याचे वीस-तीस धरा. ५० ला सेट, ७ वर पण साडेचार मिमीचा झोत, काच सिमन्सपेक्षा उघड उघड स्वच्छ. रेटिकल (म्हणजे क्रॉसहेअरच) अगदी साधी आहे, डॉट-बिट काही नाही, लांब मारायची हौस असेल तर तेवढं खटकेल. मी मत देतो ते मुख्यतः वॉरंटीवर. त्यांची वॉरंटी आयुष्यभराची आहे, पावती लागत नाही आणि मालक बदलला तरी चालते, म्हणजे सेकंडहँड घेतलात तरी धोका कमी. स्वस्त वस्तूत हे फार कमी बघायला मिळतं.

लुपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम रिमफायर बघून मन जाईल, काच सुंदर आणि हलका, पण तो तीनशेच्या घरात जातो म्हणजे रायफलीइतकाच, त्यामुळे या यादीत नाही. निकॉननं रायफल स्कोपचा धंदाच बंद केलाय, कोणाकडे जुना प्रोस्टाफ रिमफायर चांगल्या स्थितीत मिळाला तर मात्र सोडू नका.

ऑर्डर करायच्या आधी रायफलीच्या डोक्यावर काय आहे ते बघा. सीझेड ४५७ आणि मार्लिनला ११ मिमीच्या आसपासची (दुकानात ३/८ इंची पण म्हणतात ती) डोव्हटेल खाच असते, १०/२२ बरोबर बहुतेक वेळा दोन्ही चालतील असा बेस डब्यातच येतो. बगबस्टरच्या रिंगा सरळ सीझेडवर बसणार नाहीत. बसवल्यावर रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड एवढेच आवळा, जोर लावून ट्यूब चेपवणारे लोक खूप आहेत. झिरो करताना पाव एमओएची (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डाला साधारण एक इंच) क्लिक ५० यार्डाला १/८ इंच हलवते, म्हणजे एका इंचाला ८ क्लिका, २५ ला १६.

कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरला ब्राँझ घेऊन आला ती पण .२२ च, तर मग तो कुठला स्कोप वापरतो असं विचारणारे भेटतात. कुठलाच नाही, त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही, पीप साईट (बारीक भोकातून बघायची) असते.

आणि गावाकडचा भाऊ म्हणेल की येताना माझ्या एअर रायफलीला एक घेऊन ये. दोन गोष्टी. स्प्रिंगवाली एअर रायफल पुढे-मागे दोन्ही बाजूंना झटका देते, सिमन्ससारखा स्कोप तिच्यावर टिकत नाही, एअरगन रेटेड लिहिलेलाच लागतो. दुसरं म्हणजे रायफल स्कोप अमेरिकेच्या एक्सपोर्ट कंट्रोलच्या यादीत आहे, बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणायची वस्तू नाहीये ती, त्याला तिकडेच घ्यायला सांगा.