‘पॅन्स लॅबिरिंथ’ची कादंबरी: एका पावसाळ्यानंतर

‘पॅन्स लॅबिरिंथ’ या सिनेमावरून लिहिलेली ही कादंबरी चतुर्थीच्या सुमारास कपाटातून काढली, तर मधल्या पानांचा गठ्ठाच हातात आला. म्हणून गोष्टीआधी बांधणीबद्दल.

पेपरबॅक प्रत, कणा नुसता गोंदाचा, शिलाई नाही. मृग लागला की गोव्यात कागद ओल पिऊन फुगतो. वाळलेला गोंद फुगत नाही. पुस्तक उघडलं की सगळा ताण सांध्यावर येतो आणि पानं सुटतात. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर बुरशीही धरते. आयात पुस्तकाचे पैसे मोजायचे आणि बांधणी ही, याचा खरंच संताप येतो.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावूच नका. तो पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. पांढरा फेविकॉल बारीक ब्रशने पानाच्या आतल्या कडेला जेमतेम एक मिलिमीटर लावा. जास्त लावला तर शेजारचं पान चिकटतं. पान बसवून दोन्ही बाजूंना मेणकागद घाला, वर वजन ठेवा आणि पावसात पुरते चोवीस तास हलवू नका. बुरशी असेल तर ती आधी काढायची, पण ओल्या फडक्याने नाही, तशी ती कागदात जिरते. सावलीत वाऱ्यावर सुकवा, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने झाडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. प्लॅस्टिकचं कव्हर काढा, ते ओल कोंडतं.

आता गोष्ट. सिनेमा गिलेर्मो देल तोरोचा, २००६ चा. कादंबरी २०१९ ची, त्याने जर्मन लेखिका कॉर्नेलिया फुंकेबरोबर लिहिलेली. पहिल्या वाचनात निराशा झाली. १९४४ चा स्पेन, गिरणी, छोटी ऑफेलिया, तिचा सावत्र बाप कॅप्टन विदाल, तिच्या तीन कसोट्या, सगळं पडद्यावरच्याच क्रमाने. ऑफेलियाच्या आईच्या पलंगाखाली दुधाच्या भांड्यात वळवळणारं मँड्रेक या जादूच्या मानलेल्या वनस्पतीचं मूळ सिनेमात अंगावर काटा आणतं. कागदावर ते तितकं भिववत नाही. कॅप्टन म्हणजे लांडगा, हे तर फारच वेळा सांगितलंय.

दुसऱ्या वाचनात मत बदललं, ते प्रकरणांमध्ये पेरलेल्या लोककथांसारख्या छोट्या गोष्टींमुळे. घड्याळजीची, गिरणीची, पुस्तकं बांधणाऱ्याची. सिनेमात कॅप्टन बापाचं घड्याळ जपताना दिसतो. इथे अशा वस्तूंना मागचा जन्म मिळतो, आणि पुढे त्या समोर आल्या की आपण दचकतो. पैसे वसूल होतात ते इथेच. त्या सलग वाचायला बाजूला काढू नका, जिथे आहेत तिथेच वाचा. ॲलन विल्यम्सची चित्रंही थांबून बघावीत अशी आहेत.

सिनेमा आधी, पुस्तक नंतर. परीकथा समजून लहान मुलांच्या हाती देऊ नका, छळ आणि खून दोन्ही आहेत. कुठलीही प्रत घेताना कणा वरच्या टोकाकडून बघा: दुमडलेल्या पानांच्या जुड्या दिसल्या तर बहुधा शिलाई, सपाट कापलेली कड दिसली तर गोंद. गोंदाची असेल तर मे संपायच्या आत वाचून घ्या.