माउईची व्हेल सफर: बोट चांगली, गाइड बडबड्या

मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाचं काम केलं, त्यामुळे हे परीक्षण थोडं कानांच्या बाजूने झुकलेलं असेल. हवाईतल्या माउई बेटावर, माअलेआ बंदरातून सुटणाऱ्या दुमजली कॅटमरानने (दोन सांगाडे जोडलेल्या बोटीने) फेब्रुवारीत हंपबॅक देवमासे बघायला गेले होते. बोटीला पाचपैकी साडेतीन गुण.

अलास्काच्या थंड पाण्यातले हे देवमासे हिवाळ्यात इथे विणीसाठी येतात. इथे त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. आया उपाशीपोटीच पिल्लांना पाजतात. आम्हाला अशीच एक मायलेकरांची जोडी दिसली. पिल्लू दर थोड्या मिनिटांनी श्वासाला वर, आई मात्र निवांत खाली. त्यांच्या मागे तिसरा फवारा उडाला, तो सोबतच्या नराचा. हा पिल्लाचा बाप असेलच असं नाही, तो आईच्या आशेने आलेला असतो!

कप्तानाला मात्र पूर्ण गुण. देवमाशांपासून लांब राहायचा नियम शंभर यार्डांचा, म्हणजे साधारण ९१ मीटरचा. काही प्रवासी 'अजून जवळ घ्या' म्हणून कुरकुरले, पण त्याने बोट पुढे नेली नाही. इंजिन बंद करून थांबला. मग मायलेकरं आपणहून जवळ आली, तेव्हाही त्याने इंजिनला हात लावला नाही.

आता तक्रार. पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडला आणि स्पीकरवर नराचं गाणं सुरू झालं. खोल हुंकार, मग गंजलेल्या बिजागरीसारखी करकर, मग एकदम वर चढणारी किंकाळी, आणि पुन्हा त्याच क्रमाने सगळं. हे गाणं दहा-वीस मिनिटांचं असतं आणि नर ते तासन्‌तास आळवतात. एका भागातले सगळे नर जवळपास एकच गाणं गातात आणि ते हळूहळू बदलत जातं. ही माहिती मला कशी मिळाली? गाइडने गाणं चालू असतानाच माइकवरून सांगितली! रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे या संशोधकांचा या गाण्यांवरचा १९७१ चा शोधनिबंधही त्यातच उरकला. अहो, माहिती परतीच्या वाटेवर सांगा की.

शक्यतो सकाळची फेरी घ्या. दुपारी वारा वाढला की लाटांच्या फेसात फवारे ओळखू येत नाहीत. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधीच घ्या. बुकिंग करताना हायड्रोफोन आहे का ते विचारा, आणि 'हो' म्हणाले तर तो चालू असताना गाइड गप्प बसतो का, तेही विचारा.