जुन्या रॅमला जोड द्यावी की नवी जोडीच घ्यावी?

डेस्कटॉपमध्ये ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम असेल, तर तिच्या जोडीला आणखी ८ जीबी बसवणं सर्वांत स्वस्त. योग्य स्लॉटमध्ये बसवली तर दोन्ही चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले डेटाचे मार्ग, वापरात येतात, ६४ बिटांचा रस्ता १२८ बिटांचा होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेम खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो. अडचण एवढीच, की जुनी २४०० वेगाची आणि नवी ३२०० वेगाची असेल तर दोन्ही २४००वरच चालतात. क्वचित जुळतही नाहीत.

१६-१६ जीबीची नवी जोडी महाग, पण एकत्र तपासलेली येते. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हीच घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. घरच्या कामाला पहिला मार्ग पुरतो. फक्त चुकून डीडीआर५, म्हणजे पुढच्या पिढीची रॅम, आणू नका. तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही.