गावात सर्व्हे करायचाय, गूगल फॉर्म का कागद?

दिवाळी संपली की आमच्याकडं भूगोलाच्या प्रोजेक्टचा सीझन चालू होतो आणि पोरं एकच विचारायलेत, सर गूगल फॉर्म चालतंय का. चालतंय की. पण विषय काय घेतलाय ते आधी सांगा. कॉलेजला पोरं कशानं येतात, एसटीनं का गाडीवर, असलं असेल तर बिनधास्त फॉर्म करा, उत्तरं डायरेक्ट शीटमधी पडतात, टायपिंगची कटकट नाही.

गावातल्या पाण्याचा विषय असेल तर मात्र माझं मत कागदालाच. कारण फॉर्म कोण भरतं, तर घरातला मोबाईलवाला पोरगा, आणि पाणी कोण भरतं, त्याची आई! म्हणजे ज्याला माहितीय त्याला तुम्ही विचारलंच नाही. कागदावर आपण दारात जाऊन विचारतो, आपणच लिहितो (पुस्तकात ह्याला अनुसूची म्हणतात, समोरच्यानं स्वतः भरली की प्रश्नावली, व्हायवाला हा फरक हमखास विचारतात). त्रास आहे, एका घराला पंधरा-वीस मिनिटं जातात, चहा झाला तर जास्त, आणि रात्री बसून सगळं एक्सेलमधी चढवायचं. पण त्या चहावरच खरी माहिती निघते.

तिसरा पर्याय कोबोचा, हे सर्व्हेचे फॉर्म भरायचं ॲप नेट नसलं तरी चालतं आणि लोकेशनपण घेतं. बोअर, विहिरी नकाशावर दाखवायच्या असतील तर हेच घ्या. फक्त मोबाईल काढून घराचं लोकेशन घ्यायला लागलात की लोकांना वाटतं अनुदानाची यादी चाललीय, मग शेती कमी सांगतात.

आता प्रश्न चुकले तर कागद काय अन् ॲप काय. "पाणीटंचाई आहे का, हो/नाही" हा प्रश्न लातूर-बीडकडं विचारूच नका राव, २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलेल्या शहराजवळ नाही कोण म्हणणार, साठपैकी साठ हो येतात आणि पाय चार्ट म्हणजे अख्खी भाकरी. त्यापेक्षा नळ किती दिवसाआड येतो, टँकर कोणत्या महिन्यात चालू होतो, हे विचारा. लिटर कुणाला सांगता येत नाही, हंडे विचारा आणि तिथलाच एक हंडा बाटलीनं मोजून घ्या. मग माणशी रोजचे किती लिटर ते काढून जलजीवन मिशनच्या (घरोघरी नळाची सरकारी योजना) माणशी ५५ लिटरच्या निकषाशी ताडून बघता येतं. शेती एकर-गुंठ्यात लिहा, ४० गुंठ्यांचा एकर.

आणि बीडच्या बाजूला जाणार असाल तर जानेवारीत जाऊ नका, ऊसतोडीला माणसं बाहेर असतात, घरी म्हातारी माणसं भेटतात. पारावर बसलेल्यांचेच फॉर्म भरून मोकळं होऊ नका, दर पाचवं घर धरा, कुलूप असलं तर तेपण लिहा.

झेरॉक्स मात्र लगेच काढू नका, आधी पाच घरं करून बघा. आमच्या एका ग्रुपनं दीडशे प्रती काढल्या, पहिल्याच घरात कळलं की जनावरांच्या पाण्याचा रकानाच नाही.