कार्बन मोनॉक्साइड अलार्म, चार महिने वापरून लिहितोय

गेल्या थंडीत आमच्या वैनी बाथरूममध्ये खाली बसल्या त्या बसल्याच. गॅस गिझर चालू, बादली भरून वाहतेय, वारं नको म्हणून खिडकीला पुठ्ठा (तो मीच लावलेला). ओढून बाहेर आणलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98! मग पित्त असेल म्हणून आम्ही लिंबू सरबत करत बसलो, शहाणेच की. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले ते मशीन इथं फसतंय, बंद खोलीत गिझर जळताना सुटलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिनपण त्याला ऑक्सिजनवालंच दिसतंय, आणि हा गॅस ऑक्सिजनपेक्षा 200 पटीच्या वर घट्ट चिकटतो.

ऑक्सिजन लावला की सुटलो असं मला वाटलेलं. खरं तसं नाही. ऑक्सिजन लागतोच, नुसत्या हवेवर हा गॅस निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, मास्कवर तास-दीड तास. पण तोवर पांढऱ्या पेशी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या असतात, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतलं ऊर्जा बनवणारं यंत्र) बिघडलेला असतो, त्यातनं फ्री रॅडिकल्स (दिसेल त्याच्याशी भिडून नासधूस करणारे कण) सुटतात आणि मेंदूतली चरबी नासायला लागते, तेल खवट होतंय ना, अगदी तीच क्रिया. मज्जातंतूंवरचं वेष्टण, म्हणजे मायलिन, त्यात बदलतं मग शरीर त्यालाच परकं समजून हल्ला करतं, म्हणून काही जणांना बरं होऊन घरी आल्यावर दोन-चार आठवड्यांनी विसरणं, तोल जाणं असलं सुरू होतं. महिनाभर मी वैनींना रोज सकाळी वार विचारायचो, शेवटी त्यांनी लाटणं दाखवलं.

आता अलार्मचं. पहिल्यांदा ऑनलाइन मागवला तर एलपीजी लीकवाला आला, तो इथं बिनकामाचा. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. परत करून आकडा दिसणारा, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवाला (आत रासायनिक क्रियेनं गॅस ओळखणारा) घेतला, अडीच हजारांच्या आसपास पडला. बाथरूमच्या आत नाही लावायचा, वाफेनं सेन्सर जातो, आम्ही दाराबाहेर लावलाय.

खरी परीक्षा बहीण बाळंतपणाला आली तेव्हा झाली. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी, आणि आकडा शून्यावरनं 30, 48, 62... तरी हा गप्प! मी म्हटलं पैसे बुडाले. मग अलार्मसोबतचं पुस्तक वाचलं तर 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे 50 भाग) तो तास-दीड तासानं वाजतो, 300 ला मात्र तीन मिनिटांत. म्हणजे वाजायची वाट बघायची नाही, आकड्याकडं बघायचं. खिडक्या उघडल्या, शेगडी अंगणात नेली. आत्या म्हणाली आमची बाळं काय मेली होती का शेगडीनं.

एक स्टार कापलाय, पुस्तक इंग्रजीत आणि अक्षरं मुंगीएवढी, शिवाय बॅटरी उतरली की रात्री तीनला टुक टुक सुरू होतं, परवा भर पावसात सगळं घर अंगणात आणि वैनी विचारतायत आज वार कुठला.