रिॲक्टिव्ह म्हणून विकलेलं साधं प्लास्टिसायझर: इपॉक्सी पॉटिंग करणाऱ्यांनी सावध राहा

इपॉक्सी म्हणजे रेझीन आणि हार्डनर मिसळल्यावर सेट होऊन कडक होणारं प्लास्टिक. त्याला लवचिकपणा यावा म्हणून आपण जे रिॲक्टिव्ह (इपॉक्सीशी रासायनिक जोड करणारं) फ्लेक्सिबिलायझर घालतो, त्यात साधं थॅलेट प्लास्टिसायझर, म्हणजे कशाशीही न जोडलं जाणारं, नुसतं मऊ करणारं तेल मिसळून ते माझ्या गळ्यात मारलं गेलं. माल ओतताना, सेट होताना, कडकपणा मोजताना कुठेच संशय येऊ नये अशी ही भेसळ आहे. एक उन्हाळा गेल्यावर ती उघडी पडली, तोवर माल शेतकऱ्यांच्या विहिरीवर पोचला होता. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली अशा ठिकाणी माझ्यासारखी पॉटिंगचं (इलेक्ट्रॉनिक कार्डावर इपॉक्सी ओतून ते बंदिस्त करण्याचं) जॉबवर्क करणारी छोटी युनिटं खूप आहेत आणि बहुतेकांकडे स्वतःची लॅब नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्याकडे शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरची कार्डं भरली जातात. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून शेतकरी ऑटो बसवतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो. ही पेटी विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपटात टांगलेली असते. तिथे ओल असते, मुंग्या असतात, मे महिन्यात पत्रा भाजून निघतो. त्यामुळे कार्ड पेटीत ठेवून वरून इपॉक्सी ओततात. नुसतं रेझीन आणि हार्डनर वापरलं तर सेट झाल्यावर ते ठिसूळ होतं. तापल्यावर तांबं जेवढं फुगतं त्याच्या तीनचार पट इपॉक्सी फुगतं. दिवसा ताप, रात्री गार, असं रोज चाललं की सोल्डरच्या सांध्यावर ताण येतो आणि तडे जातात. म्हणून १०० भाग रेझीनला २० भाग फ्लेक्सिबिलायझर, असा आमचा जुना ठरलेला हिशेब.

आम्ही वापरायचो ते पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल डायग्लिसिडिल ईथर. लांब, लवचिक साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना इपॉक्सी गट. हार्डनरमधलं अमाइन जसं रेझीनशी जोडलं जातं तसंच या टोकांशीही जोडलं जातं, आणि साखळी त्या जाळ्याचाच भाग होऊन बसते. डीबीपी, म्हणजे डायब्युटिल थॅलेट, हे साधं प्लास्टिसायझर; याला तसं टोकच नाही. ते रेझीनच्या मध्ये नुसतं राहतं आणि रेझीन मऊ करतं. पहिलं म्हणजे विणीत गुंतलेला धागा, दुसरं म्हणजे त्याच कापडावर सांडलेलं तेल. पहिल्या दिवशी दोन्ही मऊच लागतात. भेसळ करणाऱ्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

मला फ्लेक्सिबिलायझर विकणारा व्यापारी मुंबईच्या केमिकल बाजारातला. त्याने आधी सॅम्पल दिलं, ते अस्सल होतं. सुरुवातीचे ड्रमही उत्पादक कंपनीच्या सीलमध्ये आले. मग एकदा माल निळ्या कॅनमधून आला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, माल तोच आहे. पूर्ण ड्रम तुम्हाला लागत नाही म्हणून रीपॅक करून देतो, भावही तुम्हाला कमी पडेल." सोबत टेस्ट सर्टिफिकेट होतं, इपॉक्सी इक्विव्हॅलंट ३२०, म्हणजे बरोबर असायला हवं तेवढंच. (ठरावीक इपॉक्सी गटांमागे किती ग्रॅम माल लागतो, तो हा आकडा; तो जितका मोठा तितके मालात इपॉक्सी गट कमी.) ओतणाऱ्या मुलांना तर हा माल जास्त आवडला, कारण मिश्रण पातळ व्हायचं, बुडबुडे पटकन वर यायचे. शोअर मीटरवर कडकपणा नेहमीच्या मर्यादेत. दोन्ही माल शेजारी ठेवून कुणालाही विचारलं असतं तरी नवा माल सरस वाटला असता.

सेट व्हायला अडचण का आली नाही, हे नंतर आकडे मांडल्यावर कळलं. समजा २० भागांतले १० भाग डीबीपी आहे. रेझीनचा इक्विव्हॅलंट १९० धरला तर सगळ्या मिश्रणातले इपॉक्सी गट फक्त पाचसहा टक्क्यांनी कमी होतात. हार्डनर तेवढं जास्त पडलं तरी मालाला काही फरक दिसत नाही. पण प्रत्येक १३४ ग्रॅम मालात १० ग्रॅम असं काही राहिलं, जे कशालाही बांधलेलं नाही.

उन्हाळा सरता सरता जालना आणि बीडकडून पेट्या परत यायला लागल्या. तक्रार इपॉक्सीची नव्हतीच. एबीएस प्लास्टिकच्या पेट्यांना स्क्रूच्या खुंटांपाशी केसासारख्या चिरा होत्या, कोपरे उकलले होते. पेटी मोल्ड करून देणाऱ्या माणसावर सगळ्यांनी ठपका ठेवला: रिसायकल दाणा वापरला, घाईत मोल्ड केलं. त्याचं एक मोठं बिल अडवून ठेवलं गेलं. त्या माणसाची काहीही चूक नव्हती. ताणाखाली असलेल्या एबीएसला थॅलेट लागलं की ते चिरकतं. इपॉक्सीतून उष्णतेने बाहेर आलेलं तेल पेटीच्या भिंतीत आणि खुंटांत मुरत होतं. पेटी फोडली तर आत इपॉक्सीचा पृष्ठभाग बोटाला चिकट लागायचा आणि ज्या ठिकाणी तेल निघून गेलं होतं तिथे ते आक्रसून वायरींपासून सुटलं होतं. पावसाळ्यात त्याच फटीतून ओल आत गेली आणि कार्डं जळाली. ऐन पेरणीत ज्याचा पंप बंद पडला, त्याला या रसायनशास्त्राशी काय देणंघेणं! त्याच्या नुकसानीची भरपाई कुठल्याच क्रेडिट नोटने होणार नाही, आणि मला सर्वांत जास्त संताप याचाच आहे.

शेवटी कॅनमधला उरलेला माल आणि जुन्या सीलबंद ड्रममधलं ठेवणीतलं सॅम्पल, दोन्ही एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये दिलं. जुन्याचा इक्विव्हॅलंट ३२० च्या जवळ आला, कॅनमधल्याचा जवळपास दुप्पट. म्हणजे साधारण निम्म्या मालात इपॉक्सी नव्हतंच. इन्फ्रारेड आलेखात १७२५ (प्रति सेंमी) च्या आसपास एस्टरचा ठळक पीक होता, जो शुद्ध ईथरमध्ये असायला नको; थॅलेट हे एस्टरच असतं. सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर उत्पादकाला कळवला, तर तो बॅच खरा निघाला, पण त्यातला एकही किलो या व्यापाऱ्याला गेलेला नव्हता. कुठूनतरी मिळवलेल्या एका सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर महिनोनमहिने धंदा चालला होता.

त्याचा बचाव काय होता हे मुद्दाम सांगतो, कारण तोच या फसवणुकीचा कणा आहे. सीलबंद मालाच्या बिलावर एचएसएन (मालाचा प्रकार सांगणारा कोड) ३९०७ होता, इपॉक्साइड रेझीनचा. कॅनच्या बिलावर ३८१२ होता, आणि तो रबर-प्लास्टिकसाठीच्या मिश्र प्लास्टिसायझरचा आहे. वर्णनात फक्त "प्लास्टिसायझर" लिहिलेलं. फोनवर, मेसेजवर तो "रिॲक्टिव्ह" म्हणत होता, कागदावर मात्र कुठेही म्हटलेलं नव्हतं. "तुम्ही प्लास्टिसायझर घेतलं, आम्ही प्लास्टिसायझर दिलं," हे त्याचं उत्तर. वकिलांनी सांगितलं की १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम १५ आणि १७ प्रमाणे माल वर्णनाशी आणि सॅम्पलशी, दोन्हींशी जुळायला लागतो. सॅम्पल शिल्लक होतं, मेसेज शिल्लक होते, म्हणून आमची बाजू उभी राहिली. ग्राहक न्यायालयाचा रस्ता आमच्यासारख्यांना सहसा मिळत नाही, कारण धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला तेवढी सूट आहे. फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली होते.

ज्यांचा माल परदेशी जातो त्यांनी तर दुप्पट सावध राहावं. २२ जुलै २०१९ पासून युरोपच्या रोह्स नियमांत (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरचे नियम) डीबीपी धरून चार थॅलेटवर बंधन आहे, एकेका एकजिनसी पदार्थात वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा. तुम्ही सही करून दिलेलं घोषणापत्र असल्या मालामुळे खोटं ठरतं, आणि तिकडे कुणी तुमच्या व्यापाऱ्याला विचारणार नाही.

लॅबशिवाय काय करता येईल? आम्ही आता नवा कॅन आला की नुसतं फ्लेक्सिबिलायझर आणि टेटा (ट्रायइथिलीनटेट्रामाइन) हार्डनर एका कपात घेतो, १०० ग्रॅमला साडेसात ग्रॅमच्या आसपास, आणि ओव्हनमध्ये ७०-८० अंशांवर ठेवतो. रेझीन त्यात अजिबात घालायचं नाही. दोन टोकांचं अस्सल ईथर काही तासांत मऊ रबरासारखं जमतं. भेसळ असेल तर तेलकट, गचगचीत राहतं किंवा जमतच नाही. ज्यांच्या एकाच टोकाला इपॉक्सी गट असतो असे ग्लिसिडिल ईथर डायल्युअंट (रेझीन पातळ करणारे) वापरत असाल तर ही कसोटी लावू नका, ते अस्सल असूनही असं जमणार नाही. त्यांना इक्विव्हॅलंटच काढायला लागतो. मधमाशीपालक मधासाठी वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटरही कामाला येतो: डीबीपीचा वक्रीभवनांक १.४९ असतो, आमच्या ईथरचा त्याहून बराच कमी, त्यामुळे अस्सल नमुन्याचं आणि नव्या मालाचं वाचन शेजारी शेजारी घेतलं की फरक लपत नाही. तिसरं, तयार कास्टिंगचा (सेट झालेल्या इपॉक्सीचा) तुकडा वजन करून ११०-१२० अंशांवर आठवडाभर ठेवा आणि जुन्या खात्रीच्या मालाच्या तुकड्याशी घट ताडून पाहा. कडकपणा मोजून हे कधीच सापडणार नाही, कारण मऊपणा दोघांतही आहे.

खरेदी ऑर्डरवर आम्ही आता रसायनाचं पूर्ण नाव, इक्विव्हॅलंटची मर्यादा आणि "थॅलेटमुक्त" असं लिहूनच पाठवतो. बिलावर तेच नाव आणि तोच एचएसएन नसेल तर गाडी उतरवून घेत नाही. रीपॅक माल पूर्ण बंद.

त्या व्यापाऱ्याने मध्यंतरी अर्ध्या रकमेची क्रेडिट नोट देऊ केली, अट एवढीच की माल ऑर्डरप्रमाणेच होता असं मी लिहून द्यायचं. मी दिलं नाही, तक्रार चालू आहे. मोल्डरचं अडवलेलं बिल व्याजासह चुकतं झालं. निळ्या कॅनमधलं फ्लेक्सिबिलायझर तुमच्याकडेही येत असेल, तर आजच त्यातलं २०० मिली काचेच्या बाटलीत काढा, गाडीवाल्याची किंवा व्यापाऱ्याच्या माणसाची सही घेऊन सील करा, आणि बिल, सर्टिफिकेट, मेसेज सगळं एका फाइलला लावून ठेवा.